बिनलाखेची मोटर

नाथाजी पवाराला खोटं बोलायची सवय नव्हती, आणि घोटाळा झाला तो त्यामुळंच. सवयीचा माणूस खोटं बोलला की पुढं ते निस्तरायचं कसं हे त्याला ठाऊक असतं. नाथाजी उभ्या जन्मात एकदाच, आणि तेही एकाच शब्दाचं, खोटं बोलला. त्यात असा अडकला की दोन वर्षं त्याला ना बाहेर पडता आलं, ना आत सुखानं बसता आलं.

माणूस शिराळ्याचा. पलटणीत गेला तो बंदूक चालवायला, पण हाताची बोटं बघून कुण्या साहेबानं त्याला खडकीच्या लष्करी वर्कशॉपात टाकलं. तिथं तो मोटर भरायला शिकला. मोटर भरायची म्हणजे तांब्याच्या तारेची वेटोळी लोखंडाच्या खाचांतून अशी बसवायची की तारेला तार उघडी लागता कामा नये. दिसायला सोपं, करायला गेलं की घाम फुटतो. पेन्शनीवर आला आणि सांगलीत आवट्यांच्या कारखान्यात लागला. बायको रंगूबाई, दोन खोल्या, महिन्याला पगार. सुखी होता बिचारा.

आवट्यांचा कारखाना म्हणजे मिरज रस्त्याला पत्र्याची एक लांब शेड. मालक धन्यकुमार आवटी, बनारसला जाऊन इंजिनियर होऊन आलेला. जैन घरातला मुलगा पेढी सांभाळायची सोडून लोखंडात हात काळे करतो म्हणून भावकीनं आधी नाकं मुरडली, मग त्याच भावकीनं भांडवल दिलं. कामगार त्याला अण्णा म्हणत. सुरुवातीला जळक्या मोटरी दुरुस्त करायच्या एवढंच काम होतं. पण लढाई पेटली, विलायती माल बंद झाला, पिठाच्या गिरण्या आणि तेलाच्या घाण्या एकेक करून बंद पडायला लागल्या, तेव्हा अण्णानं ठरवलं की अख्खी मोटर इथंच करायची. लोक हसले. हसणाऱ्यांचं काय जातंय?

आणि खरंच, त्या शेडीत काय काय झालं ते सांगितलं तर पटायचं नाही. सूत गुंडाळलेली तार मिळेना, तर अण्णानं कापडगिरणीतल्या मोडीत काढलेल्या, सूत कातायच्या चात्या आणल्या आणि उघड्या तारेवर सूत गुंडाळणारं यंत्र केलं. तारच मिळेना, तर जळक्या मोटरींची तार सोडवून, भाजून, ओढून पुन्हा सरळ केली. वेटोळ्यांवर गुंडाळायची विलायती फीत नाही, तर माधवनगरच्या विणकरांकडून बोटभर रुंदीची फीत विणून घेतली. खाचांत ठोकायच्या पट्ट्या आंब्याच्या लाकडाच्या केल्या, अळशीच्या तेलात उकळून. मोटर वाळवायला भट्टी पाहिजे, तर पावाच्या भट्टीसारखी विटांची भट्टी गवंड्याकडून बांधून घेतली. एकेक अडचण अशी मोडून काढली. शेवटी घोडं अडलं ते व्हार्निशपाशी.

तार भरून झाली की तिला व्हार्निश पाजावं लागतं. ते आतपर्यंत मुरलं, वाळून टणक झालं, की मग ओल शिरत नाही. नाहीतर पावसाळी हवेत मोटर दोन दिवसांत जळते. व्हार्निशचे विलायती डबे संपले. आता उरला एकच इलाज, खडकीत करत होते तो: चपडी लाख, म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे, घ्यायची, स्पिरिटमध्ये विरघळवायची, त्यात मोटर बुडवायची. काम फत्ते. पण आवट्यांच्या कारखान्यात लाखेचं नाव काढायची सोय नव्हती.

कारण आक्काताई. अण्णाच्या आई. साडेचार फूट उंची, पांढरं लुगडं, वय सदुसष्ट. लाख म्हणजे झाडाच्या फांदीवर किड्यांनी केलेलं घर, आणि ते किड्यांसकट खरवडून शिजवतात. शेरभर लाखेत किती जीव जातात त्याची गणती नाही. म्हणून या बाईनं तरुणपणीच आपल्या साजातले लाख भरलेले मणी मोडून टाकले होते. मुलाला त्यांनी शांतपणे सांगितलं होतं, ‘‘लाखेवर चालणाऱ्या कारखान्याचं अन्न मी खाणार नाही.’’ धमकी देणारी बाई नव्हे ती. बोलली म्हणजे करणारच. अण्णाला हे पुरेपूर माहीत होतं, म्हणून त्यानं समाजाच्या बैठकीत पैसे घेतानाच शब्द दिला होता, की आमच्या मोटरीत जीवाचं काही असणार नाही.

तर व्हार्निश करायचं काम पडलं नाथाजीच्या गळ्यात. अण्णानं त्याला शेडीच्या टोकाला एक खोली बांधून दिली. खिडकी नाही, कारण धूळ येते. आतून कडी, कारण पुण्याचे लोक कृती चोरतील असं अण्णाला वाटायचं. त्या खोलीत नाथाजीनं अळशीचं तेल उकळलं, त्यात राळ घातली, चुना घातला, काय काय घातलं. पहिली मोटर नदीकाठच्या पंपघरात लावली, ती आठव्या दिवशी जळली. दुसरी अकराव्या दिवशी. नाथाजीच्या डोक्यात शंका आली, की दोष व्हार्निशचा आहे, का आपल्या सरळ केलेल्या तारेचाच आहे? हे कळायला एकच मार्ग होता. एक मोटर लाखेत बुडवून बघायची. टिकली तर तार चांगली, व्हार्निश वाईट. बस, एवढंच बघायचं होतं त्याला. मिरजेत सतारी करणाऱ्यांना लागते ती पॉलिशची लाख एका दुकानात मिळायची. तिथून पावशेर आणली, आणि वासाचा प्रश्न नको म्हणून बाजूला अळशीचं तेल उकळत ठेवलं.

ती मोटर टिकली. आठ दिवस झाले, पंधरा झाले, महिना झाला, पंपघरात दिवसरात्र पाणी उपसत राहिली. तार चांगली आहे हे कळलं. आता हे अण्णाला सांगायचं आणि पुन्हा तेलाच्या मागं लागायचं, असं ठरवून नाथाजी त्या सकाळी कारखान्यात आला. बघतो तर काय, मोटर पंपघरातून आणून शेडीच्या मधोमध पाटावर ठेवलेली, तिला फुलांची माळ, पेढ्यांचं ताट, समाजाची पाचपन्नास माणसं. अण्णा सगळ्यांना सांगत होता की अख्ख्या हिंदुस्थानात बिनलाखेची अशी मोटर कुणी केली नसेल, आणि ती ह्या आमच्या नाथाजीनं केली.

आक्काताई पुढं आल्या. त्यांनी मोटरीकडं बघितलं नाही, नाथाजीकडं बघितलं.

‘‘नाथा, ह्यात जीवाचं काही नाही ना?’’

‘‘न्हाई,’’ नाथाजी म्हणाला.

झालं. एवढंच. पन्नास माणसांसमोर, पेढ्याच्या वासात, अण्णाचा हात खांद्यावर असताना दुसरं काय बोलणार होता तो? तुम्ही काय बोलला असता? त्याला वाटलं, संध्याकाळी अण्णाला एकट्याला गाठून सांगू. संध्याकाळी अण्णा समाजाच्या माणसांबरोबर बसला होता. दुसऱ्या दिवशी त्यानं वीस मोटरींची बोलणी केली. तिसऱ्या दिवशी नवीन बारा माणसं कामाला लावली. चौथ्या दिवसापासून सांगायची वेळच निघून गेली.

मग नाथाजी दर पंधरा दिवसांनी रविवारी मिरजेला जायला लागला. सतारवाल्यांच्या दुकानातून लाख आणायची, पिशवीत वर भाजी ठेवायची. स्पिरिट कारखान्यात तार पुसायला यायचंच. खोलीत शिरला की कडी. मे महिन्यात पत्रा तापायचा, तेलाचा धूर, स्पिरिटची वाफ, डोळ्यांतून पाणी, आणि दार उघडायची सोय नाही. बाहेर कामगार गर्वानं सांगायचे की आमचा मिस्त्री आत कृती करतोय, कुणाला दाखवत नाही. नाथाजीला ते ऐकू यायचं. त्याला वाटायचं, ह्या पत्र्याच्या खोलीत आपला जीव जाणार आणि लोक म्हणणार, केवढा कामसू माणूस होता.

रंगूबाईला त्यानं काही सांगितलं नाही. ती विचारायची, अन्न का गोड लागत न्हाई तुमास्नी? तो म्हणायचा, धुरानं. ते मात्र खरंच होतं.

असं नाही की तो सुटायचं बघत नव्हता. एकेचाळीस मोटरी बाहेर गेल्या तोवर त्यानं तेल आणि राळ सात तऱ्हांनी उकळून बघितली. एकदा वाटलं जमलं, पण भट्टीतून काढल्यावर व्हार्निशला केसासारख्या चिरा. शेवटी तो अण्णाकडं गेला आणि म्हणाला, मला सोडा, गावाकडं शेती बघायला माणूस न्हाई. अण्णा मनापासून हसला. म्हणाला, लढाईच्या कामाचे कारखाने आहेत हे, परवानगीशिवाय कामगाराला काम सोडता येत नाही, आणि तुमची परवानगी मागितली तर पहिला विरोध मीच करीन. वर पगार वाढवला. नाथाजीला रडू आलं, आणि अण्णाला वाटलं की आनंदानं आलं.

जैनांच्यात भाद्रपदात दहा दिवसांचं पर्व असतं. उपास, पूजा, प्रवचन. चतुर्दशी झाली की दुसऱ्या दिवशी क्षमा मागायची. लहान-मोठा बघायचा नाही, ज्याच्याशी वर्षभरात संबंध आला त्या प्रत्येकापुढं हात जोडायचे. आक्काताई हे कारखान्यात येऊन करायच्या. चाळीस कामगार, एकेकापुढं उभं राहून. भट्टीवाल्या आकारामापुढं, शेड झाडणाऱ्या साळूबाईपुढंसुद्धा. साळूबाई बिचारी पदर तोंडात घालून म्हणायची, आवं आक्काताई, कशाला लाजवताय.

त्रेचाळीस सालच्या क्षमेच्या दिवशी नाथाजी ताप आला म्हणून घरी राहिला. चव्वेचाळीसला ताप आणायचं त्याला जमलं नाही.

त्या दिवशी आक्काताई त्याच्यासमोर आल्या तेव्हा दहा दिवसांच्या एकवेळ जेवणानं त्यांचा चेहरा उतरला होता. हात जोडले. म्हणाल्या, ‘‘उत्तम क्षमा. नाथा, तुला कधी वावगं बोलले असले तर ते. आणि एक मनातलं. तुझ्या अंगाला लाखेचा वास येतो असं मला दोनदा वाटलं. लहानपणी आमच्या ओसरीवर सोनार मणी भरायला बसायचा, तो वास मला ओळखू येतो. तुझ्यावर मी संशय घेतला. इमानी माणसावर संशय घेणं म्हणजे हिंसाच. मला क्षमा कर, बाबा.’’

आजूबाजूचे कामगार रीतीप्रमाणं मान खाली घालून उभे होते. ‘केली क्षमा’ एवढं म्हणायचं होतं, दोन शब्द. एक शब्द बोलून नाथाजी इथवर आला होता. आणखी दोन बोलायची त्याची छाती झाली नाही.

‘‘आक्काताई, वाईच आत येता?’’ तो म्हणाला.

त्या खोलीत कधी कुणी आलं नव्हतं. आक्काताई पदर नाकाला लावून आत आल्या. नाथाजीनं दार लोटलं, कोपऱ्यातला पत्र्याचा डबा पुढं ओढला आणि झाकण काढलं. आत तांबूस पापुद्रे होते. त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी नुसतं बघितलं.

‘‘पहिल्यापासनं?’’ त्यांनी विचारलं.

‘‘व्हय.’’

‘‘धन्याला माहीत आहे?’’

‘‘न्हाई. कुणालाच न्हाई. तुमी इचारलं तवा मी खोटं बोललो. आक्काताई, मला काय शिक्षा करायची ती करा, पर ह्यातनं सोडवा.’’

आक्काताईंनी पदर पुन्हा नाकाला लावला. त्यांचा जीव घाबरा झाला होता, धुरानं का आणखी कशानं. मग त्यांनी विचारलं की लाखेशिवाय होत नाही का. नाथाजीनं सगळं सांगितलं, चिरांचं, जळलेल्या मोटरींचं. त्यांनी विचारलं, आता कारखाना थांबवला तर? नाथाजी म्हणाला, चाळीस घरं हायेत. आणि अण्णानं समाजासमोर शब्द दिलेला, ते त्यानं सांगायची गरज नव्हती, त्या बैठकीला त्या स्वतः होत्या.

‘‘आठवड्याला किती मोटरी होतात?’’

‘‘तीन.’’

त्यांनी मान हलवली. झाकण उचलून डब्यावर ठेवलं, हात मात्र लुगड्याला पुसला. दाराशी गेल्यावर नाथाजी न राहवून म्हणाला, ‘‘आक्काताई, मला क्षमा?’’

‘‘क्षमा मागायला मी आले होते, नाथा,’’ त्या म्हणाल्या, आणि बाहेर जाऊन पुढच्या कामगारासमोर हात जोडून उभ्या राहिल्या.

नाथाजीला वाटलं होतं, सांगितलं की हलकं वाटेल. दोन दिवस वाटलंही. आता जे काय व्हायचं ते होईल, अण्णा बोलावील, हाकलून देईल, शिराळ्याला जाऊ. पण अण्णानं बोलावलं नाही. आठवडा गेला, पंधरा दिवस गेले. कारखाना चालूच. मग एक दिवस अण्णाची बायको चंदनबाला रंगूबाईला बाजारात भेटली आणि म्हणाली, सासूबाईंचं काय चाललंय कळत नाही. पर्व संपलं तरी आठवड्यातून तीन दिवस उपास करतात. आणि त्यांचा उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी नव्हे, दिवसातून एकदा उकळलेलं पाणी, तेवढंच. ह्या वयात. विचारलं तर म्हणतात, आत्म्यासाठी.

रंगूबाईनं रात्री जेवताना हे सहज सांगितलं. नाथाजीच्या हातातला घास हातातच राहिला.

मोटर बाहेर पडली की म्हातारीचा एक दिवस उपाशी. असला हिशोब कुणी मांडतं का? ओरडली असती, पोलिसांत दिलं असतं, समाजात नाव घालवलं असतं, तर बरं झालं असतं. शिक्षा भोगून माणूस मोकळा होतो. ह्या बाईनं शिक्षाच केली नाही. तिनं नाथाजीच्या हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक मोटरीला आपला एक दिवस बांधला. आता नाथाजी मोटर बुडवायला उचलायचा, आणि त्याला वाटायचं की आपण एका म्हातारीच्या पुढ्यातलं ताट उचलतोय. काम सावकाश करायला लागला, तर अण्णा येऊन प्रेमानं विचारायचा, बरं नाही का, नाथाजी? एका आठवड्यात त्यानं हात दुखतो म्हणून दोनच केल्या. त्या आठवड्यात, चंदनबालेनं रंगूबाईला सांगितलं, सासूबाई दोनच दिवस उपाशी राहिल्या. म्हणजे म्हातारी कुणालातरी विचारून मोजत होती. नाथाजी रात्रंदिवस तेल उकळायला लागला. आठवी तऱ्हा, नववी, दहावी. दहाव्या तऱ्हेची मोटर बावीस दिवस टिकली. बावीस दिवस! आणि तेविसाव्या दिवशी जळली.

पौषात आक्काताई देवळाच्या पायरीवर चक्कर येऊन पडल्या. लागलं फार नाही, पण डॉक्टर म्हणाले, अंगात काही उरलं नाही. त्यानंतर तिसऱ्या दिवशी अण्णा खोलीबाहेर येऊन उभा राहिला. नाथाजीनं कडी काढली. अण्णाच्या हातात लष्कराच्या खात्याचा लांबलचक कागद होता, आणि चेहऱ्यावर आनंद आणि काळजी एकाच वेळी. म्हणाला, आठवड्याला सहा मोटरी मागितल्या आहेत, वर्षभर. आपण उभे राहिलो, नाथाजी. मग आवाज खाली आणून म्हणाला, ‘‘आणि एक काम करा. आई कुणाचंच ऐकत नाही. मी म्हटलं, अगं निदान उपास कमी कर. तर म्हणते, मी किती दिवस जेवायचं ते नाथाजीला विचार. हा काय प्रकार आहे? तुमचं ती मानते. तुम्ही सांगा तिला.’’

नाथाजीनं त्या कागदाकडं बघितलं. मग अण्णाकडं.

‘‘अण्णा, सहा मोटरी केल्या तर त्यास्नी जेवायला एकच दिस उरतो,’’ तो म्हणाला.

अण्णाला काही समजलं नाही. समजणार कसं? नाथाजी वळला आणि डबा घेऊन आला. कामगार बघताहेत का हेही त्यानं बघितलं नाही. अण्णापुढं जमिनीवर ठेवला आणि उघडला. इंजिनियर माणूस, त्यानं एक पापुद्रा उचलून नखानं मोडला, वास घेतला. सगळं सांगायला नाथाजीला फार वेळ लागला नाही. एवढे दिवस छातीवर घेऊन हिंडलेली गोष्ट पाच मिनिटांत संपली. नाथाजीला वाटलं, आता मार बसेल. बसावा असं त्याला फार वाटत होतं.

अण्णा खोलीच्या आत आला आणि दार लोटून तिथल्या स्टुलावर बसला. त्याचे कान लाल झाले होते. किती मोटरी गेल्या हे त्यानं विचारलं नाही. आई कधीपासून जाणते तेवढं विचारलं. नाथाजीनं सांगितलं, भाद्रपदापासून. शेडीत सूत गुंडाळायचं यंत्र चालू होतं, आकाराम भट्टीत कोळसा घालत होता, बाहेर कुणीतरी हसत होतं.

‘‘लाखेशिवाय जमतंय का?’’ अण्णानं विचारलं.

‘‘बावीस दिसापत्तूर आलंय. अजून न्हाई.’’

‘‘जमेल?’’

‘‘जमंल. कवा, ते न्हाई सांगता यायचं.’’

अण्णानं खिशातलं पेन काढलं. लष्कराचा कागद मांडीवर पसरला, त्यावरचा आकडा खोडला आणि शेजारी दुसरा लिहिला.

‘‘कळवतो त्यांना, तीनच जमतील म्हणून,’’ तो म्हणाला. ‘‘आईला चार दिवस तरी जेवू दे.’’

आणि नाथाजीनं, काय सांगायचं, मान डोलावली. त्या आठवड्यातली दुसरी मोटर भरून तयार होती, तिला व्हार्निश पाजायचं होतं.